नुसतं पेट्रोल

मिस्त्रीने चेनसॉचं इंजिन उघडलं, पिस्टन काढला आणि फडक्यावर ठेवला. त्यावर उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल.

"काका, हा कामातून गेला," तो म्हणाला. "तेल न मिसळता नुसतं पेट्रोल टाकलंय."

"शक्यच नाही," सासरे म्हणाले.

दुकानातल्या बाकावर तिघं बसली होती. एका टोकाला सासरे, मधे त्यांची मुलगी आणि दुसऱ्या टोकाला जावई. झाडं तोडण्यात सासऱ्यांची उभी हयात गेली होती. फांदीकडे नुसतं बघून ते कितीचं पातं लागेल ते सांगत, आणि खोड पात्याला झेपणारं नसेल तर सरळ काम नाकारत. दिवस संपला की आधी मशीनचा फिल्टर झटकायचे, साखळीच्या दातांना कानस मारायचे, मगच स्वतःचे हात धुवायचे. पेट्रोल साठवलं की शिळं होतं म्हणून ते लागेल तेवढंच मिसळत, लिटरला वीस मिली तेल, औषध मोजावं तसं. घरात दुसरं कुणी त्या मशीनला हात लावत नसे. तशी कुणाची छातीच नव्हती.

मिस्त्रीने टाकीतलं पेट्रोल बशीत ओतलं, त्यात बोट बुडवलं आणि सासऱ्यांपुढे धरलं. बघता बघता बोट कोरडं झालं. "तेल असतं तर चिकट राहिलं असतं. तुम्हीच बघा."

सासऱ्यांनी आपलं बोट बुडवलं. चोळलं, हुंगलं, पुन्हा बुडवलं. मग खाली बघत म्हणाले, "विसरलो असेन."

जावयाने नजर दुकानाबाहेर वळवली.

कारण विसरलं कुणीच नव्हतं. परवा सासरे आणि बायको एका लग्नाला गेले आणि मागे जावईबापूंना पराक्रमाची हुक्की आली. परसातले दोन-चार ओंडके कापायचे, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि ऑफिसातल्या मित्रांना पाठवायचा, एवढाच बेत. मशीनला दोन झाकणं. एकात साखळीचं तेल आणि दुसऱ्यात पेट्रोल घालतात, हे त्याने लांबून पाहिलं होतं. टाकी जवळजवळ रिकामी होती. त्याने एकात तेल ओतलं आणि दुसऱ्यात स्कूटरमधून काढलेलं पेट्रोल. पेट्रोलमध्येही वेगळं तेल मिसळावं लागतं, हे सासऱ्यांना कधी विचारलं असतं तर कळलं असतं. पण असल्या गोष्टी विचारायच्या म्हणजे जावयाने स्वतःचा मान स्वतःच घालवायचा. दुसऱ्या ओंडक्यावर मशीन किंचाळलं आणि गप्प झालं. त्याने ते पुसून जागेवर ठेवलं, व्हिडिओ काढून टाकला आणि रात्री जेवताना लग्नातल्या गमती मान डोलवत ऐकल्या. आज सकाळी सासऱ्यांनी मशीनची दोरी ओढली तेव्हा ती जागची हलली नाही.

"बाबा, आता पुरे," मुलगी म्हणाली. "मागे गॅस चालू राहिला. म्हटलं, होतं असं कुणाचंही. आता हे. उद्या झाडावर असताना काही विसरलात तर?"

"गॅसचं वेगळं होतं गं."

"काही वेगळं नाही. मिस्त्री, हे दुरुस्त नका करू, भंगारात द्या. आणि बाबा, या आठवड्यात आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

एरवी अशा बोलण्यावर सासरे उसळले असते. आज ते बशीकडे बघत बसले. "मला तर आठवतंय," ते हळूच म्हणाले. "तेल मोजलं, बाटलीत टाकलं, बाटली हलवली. अगदी डोळ्यांपुढे दिसतंय. म्हणजे मला जे आठवतं, तेही आता खरं नाही का?"

 मिस्त्री उगाच पाने-पकडी आवरत बसला. सासऱ्यांना घाबरलेलं जावयाने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला बघवेना. त्याला स्वतःची शिसारी आली.

"बाबा, ते पेट्रोल मी टाकलं," तो एका दमात म्हणाला. "परवा. तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा."

बोलला आणि त्याचे कान तापले. आता बोलणी बसणार होती, आणि ती बसलेली बरी, असंच त्याला वाटत होतं.

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही हो, जावईबापू. माझ्यासाठी असा आळ अंगावर घेऊ नका. तुम्हाला साधा बल्ब बदलायला माणूस लागतो. तुम्ही कुठलं मशीन चालवताय!"

"नाही, खरंच..."

"राहू द्या ना आता," बायकोने त्याचा हात घट्ट धरला. "अहो, किती चांगले आहात तुम्ही."

लग्नानंतर इतक्या प्रेमाने तिने त्याच्याकडे क्वचितच पाहिलं असेल. खरं तर अजून काही बिघडलं नव्हतं. त्या दोघांना घरी नेऊन परसातला अर्धवट कापलेला ओंडका दाखवायचा, की सगळं मिटलं असतं. डॉक्टर टळला असता, मशीन वाचलं असतं. बायकोचा हात मात्र सुटला असता.

जावई गप्प राहिला.

मिस्त्रीने पिस्टन भंगाराच्या डब्यात टाकला. सासरे उठले. दुकानाच्या पायरीशी ते अडखळले आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी कुणाचा आधार घेतला नव्हता. त्यांना नीट धरता यावं म्हणून जावयाने खांदा जरा खाली केला.