चार हातांचा विस्तव

मोबाईलवर पाहून किसनरावांना नाद लागला होता, काडीपेटीशिवाय विस्तव पाडायचा. बांधावरच्या निंबाखाली बसून ते फळीच्या खळग्यात पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी उभी धरत आणि दोन्ही तळहातांत घुसळत. घुसळता घुसळता हात खाली सरकत. ते पुन्हा वर नेईस्तोवर काडी थंड पडू लागे.

"आठ दिवस झाले, माह्या एकट्याच्यानं हे होत नाई वं," ते डबा घेऊन आलेल्या बायकोला, कौशल्याला म्हणाले. "माहे हात खाली आले का तू वरून धर."

कौशल्या डबा बाजूला ठेवून समोर बसली. त्यांचे हात उतरत, तिचे चढत. दुपार पेंगुळली. चाळीस वर्षं शेतात राबले दोघं, पण एक ओळीच्या या टोकाला, तर दुसरं त्या टोकाला. काडीतून धूर निघाला आणि कापसाच्या बोळ्यात एक इवलासा लाल डोळा उघडला.

निघताना तिला निंबामागं कापसाचे आणखी सात बोळे दिसले. सातही जळून काळे झालेले.

ती डबा उचलून चार पावलं गेली आणि वळली.

"अवो, उद्याही तुमच्या एकट्याच्यानं पेटणार नाई ना?"

"नाई वं," किसनराव म्हणाले. "बिलकुल नाई."