वाढवलेलं दुकान

हौसाबाईच्या दुकानात नऊ सुपं, सहा रोवळ्या आणि अकरा केरसुण्या होत्या. बाजार समितीच्या नव्या, शहरी कारकुनाने टेप लावली. लांबी चार फूट, बरोबर परवान्याइतकी.

"किती वाजेपर्यंत बसता, मावशी?"

"सहाला दुकान वाढवते की!"

त्याने लिहिलं, 'सहानंतर अतिक्रमण'. "जागा रद्द होईल तुमची."

"अन् मी कुठं बसू?" शेजारचा फुटाणेवाला कुजबुजला, "आक्का, 'बंद करते' म्हण, सुटशील."

"भरल्या बाजारात तसलं अभद्र? जीभ झडो तुझी! साहेब, सहाला या, मोजून घ्या."

तो आला. तिने दुकानाला हात जोडले, माल पाटीत रचला, पोतं झटकून उचललं.

कारकुनाने टेप धरली आणि वहीत लिहिलं, 'सहा वाजून दहा मिनिटं. लांबी शून्य फूट.'