आईची रिकामी जागा

लहानग्या हरिदासचा ताप उतरावा म्हणून त्याच्या आईनं, गिरजाबाईंनी सोमवारी दिवसभराचं मौन धरलं होतं. लेकराचं मन रमावं म्हणून सिंदेवाहीच्या त्या घरात भाड्याचा व्हीसीआर आला. टीव्हीचा आवाज बंद करून देवाजीकाकांनी सिनेमातले सगळे संवाद आपल्या झाडीबोलीत टेपवर भरले. पडद्यावरल्या आईची जागा तेवढी रिकामी सोडली.

"मायचं संध्याकाळी भरू, वहिनीले आज बोलाची मनाई हाये!"

दुपारी सिनेमा आणि टेप सोबतच लावले. आईच्या मांडीवर डोकं ठेवून हरिदास खुदखुदत होता. पडद्यावरली आई मुलाला भाकर वाढू लागली, अन् टेपमधून गिरजाबाईंचाच आवाज फुटला, "हरिदास, डोळे उघड रे बापू!"

"वहिनी, तुमी कवा बोलल्या जी?"

गिरजाबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी हळूच खाली पाहिलं. मांडीवरलं हसणं केव्हाच थांबलं होतं.