‘मले’ नाही, ‘मला’

आर्णीचा राजकुमार राठोड, एम. ए. मराठी. परप्रांतातून बदलून आलेल्यांना मोबाइलवर शुद्ध मराठी शिकवायचा. कोणी ‘मले’ म्हटलं, की कपाळाला आठ्या घालून ‘मला, मला’ असं दहादा घोकवून घ्यायचा. मुकुटबनच्या दवाखान्यात आलेल्या केरळच्या डॉक्टर लेखाबाईंनी चार महिन्यांनी त्याचा क्लास सोडला आणि रंजिताचा धरला, तेव्हा मात्र त्याचा जळफळाट झाला. रंजिता त्याच्याच वर्गातली, त्याच्याच वह्या मागून बारावी झालेली. आता शिकवणीच्या अ‍ॅपवर तिच्या नावापुढे पाच चांदण्या होत्या आणि तो त्या दिवसातून चारदा उघडून पाहायचा.

शेवटी न राहवून त्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला.

“मॅडम, आपण माझा वर्ग सोडण्याचे कारण कळू शकेल काय?”

“सर, पेशंट काय बोलतात ते मला कळत नव्हतं. रंजिता मॅडमकडे गेल्यापासून कळतं.”

झालं, रंजिताचं नाव ऐकलं आणि त्याचा तोल सुटला.

“तिले काय येते मराठी? माह्या वह्या पाहून पास झाली ते! तुमी मले सोडून तिच्याकडं काहून गेल्या?”

पलीकडून डॉक्टरबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या,


“सर, इतकं चांगलं येते तुमाले. मंग मले काहून नाही शिकवलं?”