साठेखताची मागची बाजू

"कोर्टाने सगळे कागद मागितलेत, पण हा दाखवू नका, ताई. घर जाईल," वकील म्हणाले.

घराच्या साठेखतामागे तिच्या वडिलांनी, भाऊंनी, लिहून ठेवलं होतं, ‘शेवडेंची पत्नी आजारी. खरेदीची मुदत वाढवून दिली.’ ते अक्षर पाहूनच तिला भरून आलं. पण भाऊंच्या माघारी तिला तेवढं घरच उरलं होतं. तिने कागद पर्समध्ये ठेवला.

साक्षीला खरेदीदार शेवडे उभे राहिले. "मुदत वाढवल्याचं लेखी आहे काही?" तिच्या वकिलांनी विचारलं.

"लेखी कशाला? भाऊंनी शब्द दिला होता."

"मेलेला माणूस काही साक्षीला यायचा नाही, काका!"

मागच्या बाकांवर हशा पिकला. लोक भाऊंच्या शब्दाला हसत होते.

ती उभी राहिली. "लेखी आहे," ती म्हणाली आणि तिने पर्स उघडली.