वीस मीटरवर मेलिस

झानिशनं रेडिओची पाठ उघडली, तेव्हापासून बुरुल आपाच्या तोंडाला खळ नव्हता. नवऱ्यानं हौसेनं घेतलेला जुना वॉल्व्हचा रेडिओ. खिळखिळा केलास तर बघ, असं तिनं दहादा बजावलं. झानिश सबंध नारीन गावातला एकटा हौशी रेडिओवाला. तो नुसता हसत होता. त्यानं तारेच्या वेटोळ्याचे थोडे वेढे काढले. आता बातम्यांऐवजी वीस मीटरच्या लहरीवर आपल्यासारख्या हौशी रेडिओवाल्यांच्या आपसातल्या गप्पा लागतील, म्हणाला. मग आत एक छोटी जोडणी डकवली. ती नसली तर ही माणसं नुसती बदकांसारखी क्वॅक क्वॅक करतात, आणि असली तरी काटा जरा हलला की आवाज बदलतो.

आपाचा एकुलता एक मेलिस उत्तर ध्रुवाकडच्या हवामान केंद्रात होता. सणाला तार यायची, उन्हाळ्यात येतो म्हणून. त्याचा आवाज मात्र तिनं तीन वर्षांत ऐकला नव्हता. तो दुपारी तिथून रेडिओवर अनोळखी लोकांशी गप्पा मारतो, हे झानिशकडूनच तिला कळलं होतं.

"इथून बोलता येईल ना रे?"

"नाही आपा. नुसतं ऐकायचं."

"चालेल. मला कुठं भांडायचंय त्याच्याशी."

बराच वेळ खरखर झाली आणि मग आवाज आला. मेलिसच. ओम्स्क शहरातल्या कुणाशी तरी रशियनमध्ये बोलत होता. थंडी, वादळ, दारात येऊन बसलेलं अस्वल. आपा खुदकन हसली. कणकेच्या तळलेल्या बोरसोकची बशी तिनं रेडिओपुढे सरकवली, जणू मेलिसच समोर येऊन बसलाय.

ओम्स्कवाल्यानं विचारलं, यंदा उन्हाळ्यात घरी जाणार का?

"नाही हो. अजून तीन वर्षं थांबतोय, सहीसुद्धा केली. घरी आहे कोण माझं?"

आपाचा चेहरा पार उतरला. झानिशला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेडिओ बंद करायला त्यानं घाईनं हात घातला, तर भलतंच बटण फिरलं. काटा केसभर सरकला आणि मेलिसचा आवाज एकदम बारीक झाला, लहान पोराचा असतो तसा. झानिश तो नीट करायला गेला. आपानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "सहावीत होता तेव्हा असाच बोलायचा. शाळेतून आला की चुलीपाशी बसून, थांबायचाच नाही."