पंखेवाली

लंडनच्या सेव्हन डायल्स भागात आमचा रस्त्यावरच्या गाण्यांचा छापखाना. गाणं खलाशाचं असो नाहीतर फाशीचं, वर चित्र हातात पंखा घेतलेल्या एकाच बाईचं. तिच्या त्या लाकडी ठशाला माझा नवरा जोसाया रोज स्वतःच्या हातांनी तेल लावायचा.

"माझ्या हातांना भेगा पडल्यात, त्या दिसल्या का तुला कधी?" मी एकदा विचारलं.

तो हसला. "अगं केझिया, लाकडावर कसली जळतेस!"

आज सकाळी तो बिअर आणायला गेला आणि मी ठसा चुलीत घातला. पंखा सगळ्यात शेवटी जळला.

परत आल्यावर त्याने ठसा खूप शोधला. मी चुलीतली राख सारखी करत राहिले. शेवटी वरची जागा कोरी ठेवून त्याने नवं गाणं छापायला घेतलं. मी ओले कागद दोरीवर वाळत घालू लागले. एकावरही ती नव्हती. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मग एका कागदावर चित्र दिसलं. एक पाठमोरी बाई दोरीवर कागद वाळत घालत होती. तिच्या एप्रनची गाठ माझ्यासारखीच डावीकडे होती. आणि तिच्या मागे, अगदी खेटून, कुणीतरी पंखा उचलून उभं होतं.

"जोसाया," मी मागे न वळता विचारलं, "माझ्या मागे कोण आहे रे?"

यंत्र थांबलं.

"आलीस?" तो म्हणाला. इतक्या मायेने तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता.

आणि माझ्या मानेला वारा लागला.